हिरव्या प्रकाशाचा थर्मामीटर: एर्बियम-यटर्बियम घेऊन सुरुवात कशी करावी

डोळ्याला न दिसणारा ९८० नॅनोमीटरचा लेझर एका साध्या दिसणाऱ्या पांढऱ्या भुकटीवर पाडला की भुकटी हिरवीगार उजळते. तिच्यात एर्बियम आणि यटर्बियम ही दोन दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं थोडी मिसळलेली असतात. कमी ऊर्जेचा प्रकाश आत जातो आणि जास्त ऊर्जेचा बाहेर येतो. या हिरव्या प्रकाशाचे दोन पट्टे असतात, एक ५२५ नॅनोमीटरच्या आसपास, दुसरा ५४५च्या. त्या दोघांचं प्रमाण (५२५चा भागिले ५४५चा) तापमानाबरोबर बदलतं. तेवढ्यावर तापमान मोजता येतं, आणि ते पेशीच्या आतलंही मोजून झालं आहे.

एम.एस्सी.चा प्रकल्प किंवा पीएच.डी.चं पहिलं वर्ष या विषयात सुरू करणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. शोधनिबंध वाचताना सगळं सोपं वाटतं: भुकटी केली, वर्णपट घेतला, सरळ रेषा आली, संवेदनशीलता इतके टक्के. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त वेळ एकाच प्रश्नात जायला हवा: हे प्रमाण खरंच तापमानामुळे बदललं, की लेझरमुळे, ट्यूबलाइटमुळे, स्पेक्ट्रोमीटरमुळे? म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये पदार्थ बनवण्यावर थोडं आणि संशय घेण्यावर जास्त लिहिलं आहे.

आधी थोडी ओळख

अरेषीय म्हणजे नॉनलिनियर प्रकाशिकीत आत जाणारा प्रकाश दुप्पट केला की बाहेरचा दुपटीने वाढत नाही, चौपट किंवा आणखी जास्त होतो. १९६१ साली मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन आणि सहकाऱ्यांनी माणिक लेझरचा ६९४.३ नॅनोमीटरचा प्रकाश क्वार्ट्झमधून पाठवला आणि ३४७.२ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश मिळवला. फोटोग्राफिक पट्टीवर त्याचा ठिपका इतका फिका होता की छापताना तो धुळीचा डाग समजून पुसला गेला. निबंधात बाण आहे, पण बाण दाखवतो ती जागा कोरी.

एका रेणूने एकाच वेळी दोन फोटॉन शोषण्याची कल्पना त्याहून जुनी. मारिया गोपर्ट-मायर यांनी ती १९३१ मध्ये मांडली. तिच्यावर आधारलेला टू-फोटॉन सूक्ष्मदर्शक १९९० मध्ये कॉर्नेल विद्यापीठात डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांनी केला. आज जिवंत मेंदूची चित्रं त्याने घेतात. कोलॅजनचे तंतू तर कुठलाही रंग न घालता द्विगुणित वारंवारतेचा प्रकाश देतात, त्यामुळे यकृतात किंवा फुप्फुसात तंतू किती माजले आहेत ते थेट दिसतं. पण या दोन्हींना फेमटोसेकंद लेझर, म्हणजे अतिशय छोटे स्पंद सोडणारा महागडा लेझर, लागतो आणि तो बहुतेक कॉलेजांच्या आवाक्याबाहेर आहे.

अपकन्व्हर्जनचं, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या कमी ऊर्जेचा प्रकाश घेऊन जास्त ऊर्जेचा देण्याच्या क्रियेचं, तसं नाही. इथे यटर्बियमचा आयन ९८० नॅनोमीटरचा फोटॉन शोषतो आणि ती ऊर्जा शेजारच्या एर्बियमला देतो. एर्बियम मधल्या पायरीवर थांबून राहू शकतो, दुसऱ्या फोटॉनची ऊर्जा येईपर्यंत. मग तो वरच्या पायरीवर जातो आणि तिथून हिरवा किंवा लाल प्रकाश टाकतो. मधली पायरी खरी असल्यामुळे आणि आयुर्मानं मिलिसेकंदांच्या घरात असल्यामुळे साधा, अखंड चालणारा डायोड लेझर पुरतो. आयनांमधल्या या देवाणघेवाणीचं वर्णन फ्रान्समध्ये फ्रान्स्वा ओझेल यांनी १९६६ मध्ये केलं. काही जण म्हणतात, हे खरं नॉनलिनियर ऑप्टिक्स नव्हेच, कारण इथे वारंवारता द्विगुणन नाही, ऊर्जेची साठवण आहे. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो. उत्तर द्यायचं: यंत्रणा वेगळी आहे, पण प्रकाशाला मिळणारा प्रतिसाद अरेषीय आहे, आणि तो मी मोजून दाखवतो. तो कसा मोजायचा ते पुढे येईलच.

पायरी १: पदार्थ

दोन रस्ते आहेत. पहिला, सोडियम यट्रियम फ्लोराइड. त्यात साधारण १८ ते २० टक्के यटर्बियम आणि २ टक्के एर्बियम घातलेलं असतं. या जाळीची कंपनं कमी ऊर्जेची असतात, सुमारे ३५० प्रति सेंमी (वर्णपटशास्त्रात ऊर्जा या एककात मोजतात), त्यामुळे एर्बियमची ऊर्जा उष्णतेत वाया जात नाही आणि हिरवा प्रकाश जोरदार येतो. षट्कोनी रचनेची भुकटी घनाकृती रचनेच्या भुकटीपेक्षा कितीतरी उजळ असते. पूड विकत घेताना कुठली रचना आहे ते विचारा, आणि आल्यावर एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) करून स्वतः बघा.

दुसरा रस्ता यट्रियम ऑक्साइडचा, ज्वलन पद्धतीने. ही पद्धत बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत के. सी. पाटील यांच्या गटाने १९८०च्या दशकात रूढ केली. यट्रियम, यटर्बियम आणि एर्बियमची नायट्रेटं आणि इंधन म्हणून युरिया थोड्या पाण्यात विरघळवायचं आणि ५०० अंश सेल्सियसच्या भट्टीत ठेवायचं. मिश्रण उकळतं, फेसाळतं आणि भपकन पेट घेतं. मागे फुलासारखी हलकी पूड उरते. त्रिसंयुजी नायट्रेटच्या एका मोलला युरिया २.५ मोल लागतो. तपकिरी वायू निघतो तो नायट्रोजनच्या ऑक्साइडचा, म्हणून काम फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वायू बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटात. नंतर ही पूड १००० अंशांच्या आसपास तापवून घेतली की चमक वाढते. ऑक्साइडमध्ये, विशेषतः यटर्बियम जास्त असेल तर, लाल पट्टा वरचढ होतो. तापमानासाठी आपल्याला हिरवा हवा, म्हणून यटर्बियम कमी ठेवा.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा फ्लोराइडची मायक्रॉन आकाराची तयार पूड घ्या. नॅनोकण बनवायचा मोह आवरा. मोजणीचा हात बसल्याशिवाय नॅनोकण घेतले तर चूक पदार्थाची की मोजणीची, हे कधीच कळत नाही. आणि फ्लोराइड घरी बनवणार असाल तर आम्लात फ्लोराइड टाकण्याआधी गाईडशी बोला. हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होऊ शकतं. त्याने भाजलेलं लगेच दुखत नाही, पण हाडापर्यंत पोचतं. कॅल्शियम ग्लुकोनेट जेलची ट्यूब टेबलावर नसेल तर ते काम सुरू करायचं नाही.

पायरी २: लेझर

९८० नॅनोमीटरचा डायोड लेझर, तापमान नियंत्रकासह. डायोड तापला की त्याची तरंगलांबी दर अंशाला साधारण ०.३ नॅनोमीटर सरकते आणि यटर्बियमचं शोषण त्याबरोबर बदलतं. चालू केल्यावर अर्धा तास तरी तसाच राहू द्या, मगच नोंदी घ्या.

धोका हिरव्या पॉइंटरपेक्षा मोठा आहे, कारण हा प्रकाश दिसत नाही. दिसणारा झोत डोळ्यात गेला तर पापणी आपोआप मिटते. इथे ती मिटणार नाही. लेझरच्या संरक्षक चष्म्यावर ९८० नॅनोमीटरसाठी किती प्रकाशीय घनता (ओडी) आहे ते छापलेलं असतं, ते वाचा. हिरव्या किंवा लाल लेझरचा चष्मा इथे निव्वळ शोभेचा. घड्याळ, अंगठी, बांगड्या काढून ठेवा. नमुना हलवायला स्टीलचा चमचा झोतात घालू नका, परावर्तन कुठे जाईल सांगता येत नाही. झोत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर नको. झोत शोधायला इन्फ्रारेड कार्ड वापरा, मान वाकवून बघू नका.

शक्ती किती? केंद्रित झोताला १०० ते २०० मिलिवॉटही भरपूर होतात. दोन वॉटचा लेझर आहे म्हणून दोन वॉट वापरले तर तुम्ही नमुना तापवाल, मग तापमान मोजाल, आणि दोन्हींचं श्रेय भुकटीला द्याल.

पायरी ३: वर्णपट

फायबर लावलेला छोटा सीसीडी (कॅमेऱ्यासारखी प्रकाश टिपणारी चिप असलेला) स्पेक्ट्रोमीटर पुरतो. त्याच्या तोंडाशी शॉर्ट-पास फिल्टर हवा, म्हणजे ८०० किंवा ८५० नॅनोमीटरच्या वरचं सगळं अडवणारा. फिल्टर नसेल तर विखुरलेला लेझर सीसीडी भरून टाकतो.

आता तीन तपासण्या, याच क्रमाने.

पहिली, कोरी भुकटी. एर्बियम-यटर्बियम नसलेली पांढरी पूड, बेरियम सल्फेट चालेल, त्याच जागी ठेवून लेझर चालू करा. ५०० ते ७०० नॅनोमीटरमध्ये काहीही दिसता कामा नये. दिसलं तर ते तुमच्या नमुन्याच्या वर्णपटातही आहे.

दुसरी, खोलीतले दिवे. जुनी ट्यूबलाइट किंवा सीएफएल असेल तर तिच्यातल्या पाऱ्याची रेषा ५४६.१ नॅनोमीटरवर असते, म्हणजे नेमकी आपल्या ५४५च्या पट्ट्यात. कुणी दार उघडलं, पॅसेजमधली ट्यूब आत डोकावली, की ५४५ वाढतो, प्रमाण घटतं आणि तुमचा नमुना अचानक 'थंड' होतो. काळ्या कापडाने झाका आणि दर नोंदीआधी लेझर बंद ठेवून पार्श्वभूमी घेऊन वजा करा. एरवी हीच रेषा कामाची आहे: स्पेक्ट्रोमीटर ती ५४६.१वर दाखवतो का ते बघा, तरंगलांबीची तपासणी फुकटात होते.

तिसरी तपासणी ५५७च्या आसपासच्या शिखराची. शक्ती वाढवली की तिथे एक जास्तीचं शिखर डोकं वर काढतं. ते एर्बियमच्या आणखी वरच्या पातळीतून येतं आणि आपल्या दोन पट्ट्यांच्या हिशेबात त्याला जागा नाही. ते दिसलं तर शक्ती कमी करा.

प्रमाण काढताना शिखरांची उंची घेऊ नका, क्षेत्रफळ घ्या. ५१०पासून ५३३पर्यंत एक, ५३३पासून ५७०पर्यंत दुसरं. ५३३च्या आसपास दोन्ही पट्ट्यांच्या मध्ये खोलगट भाग असतो, आपल्या वर्णपटात तो नेमका कुठे आहे ते बघून सीमा ठरवा. एकदा ठरवली की संपूर्ण प्रकल्पात ती बदलायची नाही.

पायरी ४: शक्ती बदलून बघणं

ही पायरी बरेच जण गाळतात. माझ्या लेखी ही सगळ्यात महत्त्वाची.

तापमान स्थिर ठेवून लेझरची शक्ती दहा-बारा पायऱ्यांत वाढवा. दोन आलेख काढा. पहिला, हिरव्या प्रकाशाची तीव्रता विरुद्ध शक्ती, दोन्ही अक्ष लॉगमध्ये. कमी शक्तीला चढ दोनच्या जवळ यायला हवा. एका हिरव्या फोटॉनमागे दोन इन्फ्रारेड फोटॉन, त्याचा हा पुरावा, आणि तोंडी परीक्षेतल्या प्रश्नाचं उत्तरही हेच. शक्ती वाढली की चढ दोनच्या खाली घसरतो, मधल्या पातळ्या भरत जातात म्हणून. त्यात बिघडलेलं काही नाही.

दुसरा आलेख पट्ट्यांच्या प्रमाणाचा, विरुद्ध शक्ती. हा आडवा यायला हवा. चढत असेल तर लेझरच नमुना तापवतो आहे. ३०० केल्व्हिनच्या आसपास प्रमाण दर अंशाला सुमारे १.२ टक्क्यांनी वाढतं, तेव्हा शक्ती वाढवल्यावर प्रमाण ५ टक्के वाढलं याचा अर्थ नमुना चार अंशांनी तापला. जिथपर्यंत रेष आडवी आहे त्याच शक्तीत पुढचं सगळं काम करायचं. सैल भुकटी जास्त तापते, कारण कणांमधली हवा उष्णता वाहून नेत नाही. पातळ थर दाबून बसवला की फरक पडतो.

पायरी ५: तापमानाशी जोडणी (कॅलिब्रेशन)

नमुना हॉटप्लेटवर काचपट्टीत ठेवून हॉटप्लेटच्या पडद्यावरचा आकडा वहीत लिहिणं, हा मी पाहिलेला सगळ्यात लोकप्रिय घोटाळा. तो आकडा प्लेटच्या आतल्या सेन्सरचा असतो. वर काच, काचेवर भुकटी, भुकटीवर हवा. ६० अंशांना यात कित्येक अंशांचा फरक पडू शकतो.

तांब्याचा छोटा ठोकळा घ्या, त्यात उथळ खळगा पाडून घ्या, भुकटी त्यात दाबून भरा. खळग्याच्या लगत भोक पाडून पीटी-१०० किंवा के-टाइप थर्मोकपल (दोन्ही तापमानाचे सेन्सर) थर्मल पेस्टसह आत बसवा. जैविक कामासाठी २५ ते ६० अंशांची पट्टी पुरे, दर ५ अंशांना एक थांबा. प्रत्येक थांब्यावर थर्मोकपल स्थिर झाल्यावर आणखी पाचेक मिनिटं थांबा आणि मग निदान दहा वर्णपट घ्या. चढताना घ्या आणि उतरतानाही घ्या. चढ-उताराचे आकडे जुळले नाहीत तर बहुधा तुम्ही थांबायची घाई केली.

आता गणित. ५२५चा पट्टा वरच्या पातळीतून येतो, ५४५चा खालच्या. दोन्ही पातळ्या जवळ असल्यामुळे उष्णता आयनांना खालून वर ढकलते आणि त्यांची वाटणी बोल्ट्झमनच्या नियमाने ठरते. प्रमाणाचा नैसर्गिक लॉग उभ्या अक्षावर आणि केल्व्हिनमधल्या तापमानाचा व्यस्त आडव्या अक्षावर घेतला की सरळ रेषा मिळते.

समजा ३०० केल्व्हिनला प्रमाण ०.२७४ आलं, ३१०ला ०.३०८ आणि ३२०ला ०.३४३. रेषेचा चढ येतो सुमारे उणे १०८०. चिन्ह सोडून त्याला ०.६९५ने (बोल्ट्झमनचा स्थिरांक, प्रति सेंमी प्रति केल्व्हिनमध्ये) गुणा, ७५० प्रति सेंमी मिळतात. हे दोन पातळ्यांमधलं अंतर. ५२५ आणि ५४५ नॅनोमीटर लहरसंख्येत बदलले तर फरक ७००च्या आसपास येतो. म्हणजे दोन स्वतंत्र वाटांनी आलेले आकडे एकमेकांच्या जवळ आहेत. तुमचं उत्तर ३०० किंवा १२०० आलं तर पुढे जाऊ नका, कुठेतरी पाणी मुरतंय. पुन्हा पार्श्वभूमी बघा, थर्मोकपल बघा, ५५७चं शिखर बघा.

सापेक्ष संवेदनशीलता म्हणजे हाच चढ भागिले तापमानाचा वर्ग. ३००ला १.२ टक्के, ३१०ला १.१च्या थोडं वर. आणि तापमानातली अनिश्चितता म्हणजे प्रमाणातली टक्केवारी चूक भागिले संवेदनशीलता. दहा वर्णपटांत प्रमाण ०.५ टक्क्याने इकडेतिकडे होत असेल, तर तुमचा थर्मामीटर ०.४ अंशापर्यंतच खरं बोलतो. प्रबंधात '३७.२६ अंश' लिहिण्याआधी हा भागाकार करून बघा. संवेदनशीलता चांगली आहे म्हणून अचूकता आपोआप येत नाही. मंद, खरखरीत वर्णपटातून उत्तम संवेदनशीलतेचा पदार्थही ढोबळच उत्तर देतो.

पाण्यात आणि पेशीत

भुकटीवर जमलं की मग २० ते ४० नॅनोमीटरचे कण आणि पाणी. इथे तीन गोष्टी एकदम बदलतात.

कण पाण्यात गेले की मंदावतात. पाण्याच्या रेणूची कंपनं पृष्ठभागाजवळच्या आयनांची ऊर्जा पिऊन टाकतात. उपाय म्हणजे कणाभोवती एर्बियम-यटर्बियम नसलेल्या फ्लोराइडचं कवच. कवच घातलं की जोडणी नव्याने करायची. भुकटीवर काढलेली रेषा पाण्यातल्या कणांना लावायची नाही.

पाणी स्वतः ९८० नॅनोमीटर शोषतं. एक सेंमी पाण्यातून जाताना या झोतातला ३५-४० टक्के प्रकाश खर्ची पडतो, ८०८ नॅनोमीटरला जेमतेम दोनेक टक्के. म्हणून जिवंत पेशींवर काम करणारे अनेक गट कणांत निओडिमियम हे आणखी एक दुर्मिळ मृदा मूलद्रव्य घालून ८०८चा लेझर वापरतात. ९८०च वापरायचा असेल तर चौथी पायरी क्युव्हेटमध्ये (नमुन्याच्या पारदर्शक चौकोनी नळीत) पुन्हा करा, आणि लेझर किती वेळ चालू होता तेही नोंदवा.

तिसरी गोष्ट फॉस्फेटची. जीवशास्त्राच्या लॅबमध्ये जे ते पीबीएसमध्ये, म्हणजे फॉस्फेट असलेल्या खारट बफरमध्ये, बुडवायची सवय असते. फॉस्फेटची या धातूंशी घट्ट जवळीक आहे: ते पृष्ठभागावरचं आवरण हुसकावतं आणि विरळ द्रावणात कण हळूहळू विरघळायलाही लागतात. बोरेट किंवा हेपिस बफर वापरा.

पेशीतल्या मोजणीचं पायाभूत उदाहरण २०१० सालचं आहे. फिओरेन्झो व्हेट्रोने आणि सहकाऱ्यांनी याच एर्बियम-यटर्बियमच्या फ्लोराइड नॅनोकणांनी हेला पेशीचं (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या कर्करोगाच्या पेशीचं) तापमान २५ अंशांपासून ४५ अंशांपर्यंत, पेशी उष्णतेने मरेपर्यंत, मोजलं. तिथे पेशी बाहेरून तापवली होती. पेशी स्वतःहून आतल्या आत अंश-दोन अंशांनी तापते असे दावे त्यानंतर पुष्कळ झाले. २०१४ मध्ये गिलॉम बाफू आणि सहकाऱ्यांनी साधा उष्णतेचा हिशेब मांडून दाखवलं की एका पेशीच्या चयापचयातून अपेक्षित वाढ एका अंशाच्या लाखाव्या भागाच्या घरात आहे. वाद अजून पूर्ण मिटलेला नाही, पण नवख्याने त्यातून एक सवय घ्यावी: पेशीत दोन अंशांचा फरक दिसला तर आधी तिथली आम्लता, चिकटपणा, प्रकाशाचं शोषण तपासायचं, शोध लागला म्हणायची घाई नको.

ऊतीची लबाडी, चिकनच्या तुकड्यावर

हा प्रयोग फार स्वस्त आहे आणि प्रत्येकाने करावाच. खोलीच्या तापमानाला स्थिर असलेली भुकटी घ्या. भुकटी आणि स्पेक्ट्रोमीटर यांच्या मध्ये चिकन ब्रेस्टचा पातळ काप ठेवा: १ मिमी, मग २, मग ३. मग तसाच कलेजीचा. लेझर बाजूने थेट भुकटीवर येऊ द्या, कापातून नको.

तापमान तेच आहे. तरीही प्रमाण सरकेल, आणि कलेजीला जास्त सरकेल. कारण रक्तातलं ऑक्सिहिमोग्लोबिन ५४२ नॅनोमीटरच्या आसपास जोरात शोषतं, ५२५ला त्यापेक्षा बरंच कमी. ५४५चा पट्टा जास्त मारला जातो, भागाकार फुगतो, आणि थंड भुकटी 'तापलेली' दिसते. थर जेवढा जाड, ताप तेवढा जास्त! शोधनिबंधांतले 'शरीरांतर्गत तापमान' वाचताना हा काप डोळ्यांसमोर ठेवा.

त्यामुळे हिरवे पट्टे पेट्री डिशमधल्या पेशींसाठी ठीक आहेत, त्वचेखाली नाहीत. खोलवर जायचं तर दोन्ही पट्टे ऊतीतून त्यातल्या त्यात सुखरूप बाहेर पडणाऱ्या जवळच्या इन्फ्रारेडमध्ये हवेत, जसे निओडिमियमचे. तिथेही विकृती उरतेच, फक्त कमी.

तापमानाकडून निदानाकडे

हेच कण रोगाच्या खुणा पकडायला वापरता येतात, आणि मला वाटतं लवकर उपयोगाला येणारी बाजू हीच. प्रेग्नन्सी टेस्टची पट्टी सगळ्यांनी पाहिली आहे. तिच्यातली लालसर रेघ सोन्याच्या नॅनोकणांची असते. त्यांच्या जागी अपकन्व्हर्जनचे कण लावले की रेघ नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, ९८०च्या लेझरखाली उजळते. फायदा असा की रक्त, लघवी, पट्टीचा कागद यांतलं काहीही इन्फ्रारेड घेऊन हिरवा प्रकाश देत नाही. नेहमीच्या फ्लुरोसन्समध्ये नमुना स्वतःच चमकतो आणि मंद रेघ त्यात हरवते, इथे पार्श्वभूमी जवळपास काळी असते.

नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राने अशाच पट्ट्या शिस्टोसोमियासिस या कृमिरोगासाठी विकसित केल्या. कृमी रक्तात एक प्रतिजन (अँटिजेन) सोडतो, तो रक्तात आणि लघवीत फार कमी प्रमाणात असला तरी पट्टी पकडते. हा रोग प्रामुख्याने आफ्रिकेचा. पण भारतात त्याचं एक ठाणं सापडलं ते आपल्या कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावी. गाडगीळ आणि शहा यांनी ते १९५२ मध्ये नोंदवलं. हे अनेकांना ठाऊक नसतं.

पट्टी करून बघायची असेल तर साधारण क्रम असा. तेलात बनवलेल्या कणांवर ओलिक आम्लाचा थर असतो, तो सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने काढून त्यावर पॉलिअॅक्रिलिक आम्ल चढवा. मग ईडीसी-एनएचएस या जोडणाऱ्या रसायनांनी प्रतिपिंड (अँटिबॉडी) जोडा, एमईएस नावाच्या बफरमध्ये, सामू (पीएच) ६च्या आसपास. उरलेल्या जागा बीएसए या प्रथिनाने बुजवा, सेंट्रिफ्यूज करून धुवा. कण तळाशी घट्ट बसून पुन्हा मिसळत नसतील तर ते गुठळले. तो घाणा टाकून द्या, सॉनिकेटरखाली तासभर ठेवून जीव आणू नका. नायट्रोसेल्युलोजच्या पट्टीवर एक चाचणी रेघ, एक नियंत्रण रेघ. वाचताना दोघींच्या तीव्रतेचं प्रमाण घ्या, नुसती चाचणी रेघ नको. कणांची भरणी पट्टीगणिक कमीजास्त होते, ती भागाकारात निघून जाते.

शोधमर्यादा काढायला प्रतिजन नसलेल्या निदान वीस पट्ट्या वाचा. त्यांची सरासरी अधिक तीन प्रमाण विचलनं, तो उंबरठा. प्रतिजनाची विरळणं बफरमध्ये करून सुंदर आलेख मिळतो, पण त्याचा उपयोग नाही. सीरममध्ये किंवा लघवीत करा, जिथे चाचणी व्हायची आहे तिथे. आणि एक विरळण मुद्दाम फार तीव्र ठेवा: प्रतिजन अति झालं की कण आणि रेघ दोन्ही वेगवेगळे भरून जातात आणि रेघ उलट फिकी पडते. हा हूक इफेक्ट माहीत नसला की सगळ्यात आजारी माणूस निरोगी ठरतो.

उपकरणांची अडचण असेल तर टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक), आयसीपी (मूलद्रव्यांचं प्रमाण मोजणं) यांसाठी आयआयटी मुंबईच्या सैफ या उपकरण केंद्रात बाहेरचे नमुनेही शुल्क घेऊन तपासतात. रांग असते, आधी चौकशी करा. माणसाचं रक्त किंवा लघवी, अगदी स्वतःची असली तरी, संस्थेच्या नीतिविषयक समितीच्या परवानगीशिवाय वापरायची नाही. प्राण्यांसाठी वेगळी समिती आहे. आणि पट्टी कितीही छान चालली तरी तिच्यावरून कुणाला निदान सांगायचं नाही. त्यासाठी २०१७चे वैद्यकीय उपकरण नियम आणि केंद्रीय औषध मानक नियंत्रण संस्थेची मान्यता लागते. समितीच्या बैठका क्वचित होतात आणि अर्ज एकदा तरी दुरुस्तीला परत येतोच. उन्हाळ्यात प्रकल्प सादर करायचा असेल तर तो अर्ज गणपतीच्या आधी टाका.